खारूची साखर, दाजींचा हात

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, इमारती पाडायचं काम करत. बांधणारे खूप असतात, त्यांचं कौतुकही होतं. पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही. आम्ही दोघं एकाच मुकादमाकडे होतो. ते घण चालवायचे, मी राडारोडा वाहणारा ट्रक. जिथे मशीन शिरत नाही, अरुंद जिना किंवा दोन घरांमधली सामाईक भिंत, तिथे मुकादम दाजींना पाठवायचा. शेजारच्या घरातलं कपाट हलणार नाही अशा बेताने ते भिंत उतरवायचे.

पण हे झालं भिंतींचं. माणसांवर मात्र त्यांचा हात फार पटकन उठायचा. कामावर एकाने त्यांच्या डब्याला चुकून लाथ मारली आणि वर हसला, त्याच्या ओठाला टाके पडले. आमच्या गल्लीत गाडी आडवी लावणाऱ्याला त्यांनी काचेतून बाहेर ओढलं होतं. त्यांच्या बापाने त्यांना लहानपणी पट्ट्याने सोलून काढलेलं. उन्हाळ्यात शर्ट काढून बसले की पाठीवरच्या त्या पांढऱ्या रेघा दिसायच्या, आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

मुलगी झाली तेव्हा ते ताईला म्हणाले होते, "हिच्यावर माझा हात उठला ना, तर मला घरात घेऊ नकोस." आणि खरंच, तिच्यावर त्यांनी कधी बोटही उचललं नाही. राग आला की ते उठून मोरीत जायचे आणि भिंतीवर मूठ आपटायचे. मोरीच्या भिंतीला एका जागी गिलावा उरला नव्हता.

मुलीला आम्ही खारू म्हणतो. दात आल्यापासून ती बिस्किट दोन्ही हातांत धरून कुरतडायची, म्हणून.

खारू नऊ वर्षांची असताना तिला तहान लागायला लागली. नुसती तहान नाही, ती नळाला तोंड लावून पाणी प्यायची आणि श्वास घ्यायला तेवढी थांबायची. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. ताईने रागावून पाहिलं, लाडाने पाहिलं. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंत असतील म्हणून औषध दिलं. एका सकाळी ती ओकायला लागली ती थांबेचना, आणि धावून आल्यासारखी धापा टाकू लागली. तिच्या तोंडाला सडक्या फळांसारखा वास येत होता. मी ट्रक काढला. दाजी तिला मांडीवर घेऊन पुढे बसले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिची मान त्यांच्या दंडावरून लोंबायला लागली होती.

आत सुईला शीर सापडत नव्हती. अंगातलं पाणीच आटलेलं. एका हाताला, दुसऱ्या हाताला, मग पायाला टोचत होते आणि ती किंचाळत होती. मग किंचाळणं बंद झालं. तेव्हा दाजींचं डोकं फिरलं. त्यांनी दारातल्या वॉर्डबॉयला भिंतीवर फेकला. सिक्युरिटीवाला मध्ये आला, त्याची गचांडी धरली. दाराची काच फुटली. इतक्यात आतून एक बुटकीशी डॉक्टरीण बाहेर आली, हातमोजे रक्ताने माखलेले. ती शांतपणे म्हणाली, "मला मारायचं असेल तर नंतर मारा. आत्ता मला माझे हात लागणार आहेत."

दाजी खाली फरशीवर बसले, काचांमध्ये.

खारू वाचली. ती शुद्धीवर आल्यावर त्याच डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. टाइप वन मधुमेह. शरीरात इन्सुलिन बनायचं थांबलंय. गोड जास्त खाल्लं म्हणून नाही, आईबापांचं काही चुकलं म्हणून नाही. आता इन्सुलिन बाहेरून द्यायचं, इंजेक्शनने, दर जेवणाआधी आणि एक झोपताना.

"किती दिवस?" दाजींनी विचारलं.

"रोज."

"तसं नाही. कधीपर्यंत?"

"आपण जेवतो कधीपर्यंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोपर्यंत."

ताई रडली. घरी परत येताना दाजी ट्रकच्या डॅशबोर्डवर बोटांनी हळूहळू ठोकत होते, आणि मला कळत होतं की आता यांना पाडायला एखादी इमारत हवी आहे.

घरी आल्यावर खरी मारामारी सुरू झाली.

हॉस्पिटलात नर्सच्या धाकाने खारू गप्प टोचून घ्यायची. घरात ती सुई बघितली की पलंगाखाली शिरायची. ताई इन्सुलिनचं पेन तयार करणार, दाजी तिला ओढून काढणार. ती दाताने, नखांनी, लाथांनी लढायची. एवढीशी पोर, पण जिवावर बेतल्यावर कुठून बळ येतं कोण जाणे. एकदा तिने दाजींच्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. ते तिचे दोन्ही हात एका मुठीत धरायचे, गुडघ्याने तिचे पाय दाबायचे, ताई मांडीवर सुई टोचायची. तेवढ्यापुरतं ते घर घर वाटत नसे. शेजारीण एकदा विचारायला आली, "पोरीला कशाला मारता हो?"

दाजींनी स्वतः मात्र कधी टोचलं नाही. "मी धरतो, तू दे," म्हणायचे. सुई हातात घेतली की त्यांची बोटं लटपटायची. घण पेलणारी बोटं.

एका दुपारी इंजेक्शन झाल्यावर खारू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा तुला मारायचे ना बाबा? मग तू मला का मारतोस?"

दाजी उठले, चप्पल न घालता कामावर गेले. एका जुन्या गोदामाची भिंत पाडायची होती. दुपारभर त्यांनी कुणाला घण दिला नाही. मुकादम म्हणाला, थांबा, दारावरचा आडवा लिंटेल हललाय. ते थांबले नाहीत. लिंटेल खाली आला, त्यांच्या खांद्याला घासून. हाड वाचलं, कातडी गेली. मी पट्टी बांधत होतो तेव्हा ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. तिला काय फरक पडतो, पट्टा आहे का सुई?"

दुसऱ्या दिवशी ताईने दाजींना आणि खारूला हॉस्पिटलच्या नर्सबाईंकडे नेलं. या बाई फक्त मधुमेहाच्या मुलांचं बघायच्या. भारदस्त बाई, आवाज असा की वॉर्डातली सगळी मुलं नीट बसायची. त्यांनी दाजींच्या मनगटावरचा चावा बघितला आणि खारूला विचारलं, "एवढाच? मला वाटलं तुकडाच काढला असशील."

खारूला हसू आलं, ते तिने दाबलं.

नर्सबाईंनी एक कोरी सुई काढली, नुसती, औषध नसलेली. ती खारूच्या हातात दिली. "बाबांना टोच."

"कुठे?"

"पोटाला. भरपूर जागा आहे."

खारूने वडिलांकडे बघितलं. दाजींनी शर्ट वर केला. तिने जी सुई खुपसली, तिच्यात सगळ्या दुपारींचा हिशेब होता. दाजी कळवळले. "हळू गं," ते म्हणाले. "बघ," खारू म्हणाली, "दुखतं ना?" "दुखतं," दाजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

नर्सबाईंनी तिला नीट कसं टोचायचं ते दाखवलं. दुसरी कोरी सुई, दुसरी जागा. या वेळी दाजींना कळलंसुद्धा नाही. त्यानंतर तिला आता कुणी धरायचं नाही असं ठरलं. ती स्वतः जागा निवडणार, स्वतः 'आता' म्हणणार, आणि मग ताई देणार. पहिल्या दिवशी 'आता' म्हणायला तिने एवढा वेळ लावला की पानातलं सगळं गार झालं. कुणी तिला घाई केली नाही. हळूहळू वेळ कमी होत गेला.

पण नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आम्हाला तेव्हा नीट कळली नव्हती. इन्सुलिन जास्त झालं, जेवण कमी पडलं किंवा खेळ जास्त झाला तर साखर एकदम खाली जाते. "कुणी थरथरतं, कुणाला घाम येतो, कुणी झोपाळतं. आणि काही मुलं मारकुटी होतात. ती स्वतःची नसतात तेव्हा. वाद घालू नका, समजावू नका, आधी साखर पोटात घाला."

ते कळलं एका रविवारी दुपारी. खारू ताईजवळ पोळ्या लाटत होती. मध्येच ती लाटणं आपटायला लागली. ताई म्हणाली, अगं काय करतेस? तर तेच लाटणं ताईच्या कपाळावर बसलं. डोळे कसेतरीच झालेले, तोंडात अशा शिव्या ज्या तिने आमच्याच ट्रकजवळ ऐकल्या असणार. फडताळातल्या काचेच्या बरण्या तिने एकेक करून खाली फेकल्या. दाजींनी तिला मागून मिठी मारली. तिने डोकं मागे आपटून त्यांचं नाक फोडलं. नाकातून रक्त गळत असताना ते तिच्या कानात एकच बोलत होते, "पी. एवढं पी. मग मला मार." ताईने साखरेचं पाणी कपाने ओठांना लावलं. अर्धं सांडलं, अर्धं गेलं.

थोड्या वेळाने ती ओट्याला टेकून बसली आणि काचांकडे बघून म्हणाली, "हे कुणी केलं?"

"मांजर आलं होतं," दाजी म्हणाले. ताई कपाळावर बर्फ धरून हसली आणि मग तिला रडू आलं.

शाळेला ताईने सगळं सांगितलं होतं. वर्गाच्या बाईंकडे साखरेच्या गोळ्या होत्या, आणि एक नारिंगी डबी, बेशुद्ध पडली तर द्यायच्या, साखर वर आणणाऱ्या इंजेक्शनची. नर्सबाईंनी त्यातल्या सिरिंजवर शाईने रेघ मारून दिली होती, इथपर्यंत द्यायचं म्हणून. वर्गाच्या बाई काळजी घेणाऱ्या होत्या. खेळाच्या सरांनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिस्तीचा माणूस. त्यांच्या तासाला आजारपण ही पळवाट असते, असं त्यांना वीस वर्षांच्या नोकरीत पक्कं कळून चुकलं होतं.

त्या दिवशी त्यांनी मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. खारू मध्येच थांबली. सर शिट्टी वाजवून ओरडले, पळ. ती पळाली. मग तिने शेजारच्या मुलीला ढकललं, आणि सोडवायला आलेल्या दुसरीच्या बोटाला चावली. सरांनी तिला दोन थोबाडीत दिल्या. तिने सरांनाच लाथ घातली. ती काहीतरी 'साखर, साखर' बडबडत होती असं मुलांनी नंतर सांगितलं. सरांनी तिला दंडाला धरून फरफटत नेलं, सामानाच्या खोलीत ढकललं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून शाळेच्या संघाला घेऊन मागच्या मैदानावर गेले. "डोकं थंड झालं की काढू."

शाळेतल्या मावशी तिथून जाताना त्यांना दारावर लाथा ऐकू आल्या. मग लाथा थांबल्या. मावशींनी हाक मारली, उत्तर नाही. त्यांनी ताईला फोन केला, ताईने मला. आम्ही शाळेच्या मागच्याच रस्त्यावर एक दुकान पाडत होतो. दाजी ट्रकच्या फळीवर उभे राहूनच आले, घण आणि पहार हातात.

पहिला घाव कुलपावर पडणार तेवढ्यात ते थांबले. खाली वाकून त्यांनी दाराखालच्या फटीतून बघितलं. दाराला लागूनच तिचा बूट होता, आणि तो हलत होता, विचित्र, एका लयीत. घणाने दार आत कोसळलं असतं, तिच्यावर. त्यांनी घण माझ्याकडे फेकला, पहार बिजागरीत घातली आणि दार चौकटीसकट बाहेर ओढलं. ते करताना त्यांच्या घशातून जो आवाज येत होता तो मी कुणाकडून ऐकला नव्हता.

खारू चेंडूंच्या जाळ्यांमध्ये पडली होती. अंगाला आचके, दातखीळ, ओठातून फेस आणि रक्त. गालावर बोटं उमटलेली. दाजींनी तिला कुशीवर वळवलं. तोंडात काही घालायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. वर्गाच्या बाई नारिंगी डबी घेऊन धावत आल्या, पण त्यांच्याने झाकण निघेना. मी घेतली, माझ्या हातून पूड असलेली कुपी निसटली, ती मावशींनी झेलली.

"इकडे द्या," दाजी म्हणाले.

ज्या माणसाने आपल्या मुलीला कधी एक सुई दिली नव्हती, त्याने सिरिंजमधलं पाणी कुपीत सोडलं, कुपी हलवली, रेघेपर्यंत ओढलं आणि फ्रॉक वर करून मांडीत टोचलं. बोटं जराही हलली नाहीत. मग आम्ही नुसते बघत बसलो. आचके मंदावले. तिने डोळे उघडले, ते कुठेच लागत नव्हते. मग ती ओकली, दाजींच्या गुडघ्यावर, आणि म्हणाली, "आई कुठंय?"

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सर आले. गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम. त्यांनी उखडलेलं दार बघितलं आणि आधी त्याबद्दलच बोलले. "दार कुणी तोडलं? परवानगी कुणाची होती?" मग म्हणाले, "तुमच्या मुलीने एका पोरीचं बोट चावलंय. जरा वेळ एकटी बसवली तर एवढं काय बिघडलं? नाटकं करते ती."

दाजींनी खारूचं डोकं वर्गाच्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. अगदी हलक्या हाताने ठेवलं. मग ते उठले.

पहिली मूठ जबड्यावर बसली तेव्हा फळी मोडल्यासारखा आवाज झाला. सर भिंतीवर जाऊन आदळले, उभे राहायच्या आत दुसरी कानावर. ते खाली पडले आणि दाजी त्यांच्या छातीवर बसले. त्यानंतर मारणं नव्हतंच ते, काम होतं. एक हात वर, एक खाली, न ओरडता, न बोलता, भिंत उतरवावी तसं. शिट्टी सरांच्या दातांत अडकली होती आणि प्रत्येक ठोशाला तिच्यातून बारीक हवा निघायची. मी घण पायाने लांब ढकलला आणि दाजींच्या गळ्याला लोंबकळलो. आणखी दोन शिक्षक आले. तिघांनी मिळून ओढलं तेव्हा ते निघाले. सरांच्या चेहऱ्यावर ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं.

खारू हे सगळं बघत होती. ती पूर्ण शुद्धीवर होती.

सर वाचले. जबडा तारेने बांधला, कित्येक आठवडे नळीने द्रवच पोटात जात होता, आणि एका कानाने ऐकू यायचं कायमचं गेलं. त्यांची नोकरीही गेली, मुलीला कोंडल्याबद्दल. दाजींना तुरुंगवास झाला. कुणाला शिक्षा कमी मिळाली आणि कुणाला जास्त यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. शिट्टीतला तो आवाज मी ऐकलाय.

खारू पहिल्यांदा तुरुंगात भेटायला आली तेव्हा मीच तिला नेलं होतं. मध्ये जाळी होती. दाजींच्या उजव्या हाताला प्लास्टर, पंजाची हाडं सरांच्या दातांवर मोडलेली. ती बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "बाबा, तेव्हा तुझी पण साखर कमी झाली होती का?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. 'हो' म्हणाले असते तर सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "माझी साखर ठीक होती. मला सगळं कळत होतं."

खारू उठली आणि दाराकडे गेली. पुढे खूप दिवस ती आली नाही.

ते आत असताना आम्ही शिकलो. ताईने शिवणकामाची वेळ बदलून घेतली. मी टोचायला शिकलो. पण खारूने लवकरच कुणालाच हात लावू दिला नाही. बोट टोचणं, आकडा बघणं, पेन लावणं, सगळं ती स्वतः करायची, दार लावून. ताई दाराबाहेर उभी राहायची. नवीन शाळेत नर्सबाई स्वतः गेल्या आणि सगळ्या शिक्षकांसमोर असं बोलल्या म्हणे, की मुख्याध्यापकांनी पुन्हा चहा मागवला.

दाजी सुटून आले तेव्हा खारू ताईच्या मागे उभी राहिली. ते जवळ गेले नाहीत. खुर्चीवर बसताना त्यांनी दोन्ही पंजे मांड्यांखाली घातले, आणि ते बरेच महिने तसेच बसायचे. कोर्टाच्या हुकमाने त्यांना दर आठवड्याला रागावर बोलायच्या बैठकीला जावं लागे. पहिल्यांदा परत आले आणि म्हणाले, "सगळे माझ्यासारखेच. एकमेकांना घाबरून बसलो होतो." पुढे हुकूम संपला तरी जात राहिले. एकदा ते सरांच्या घरी माफी मागायला गेले. सरांच्या बायकोने दार उघडलं, ओळखलं आणि लावून घेतलं. ते परत आले. मी म्हटलं, पुन्हा जाऊन बघा. ते म्हणाले, "नको. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी दार उघडायचं का?"

उजव्या पंजात घण पुन्हा बसला नाही. मुकादमाने त्यांना मशीनवर घेतलं.

आता खारू सोळा वर्षांची आहे. बापाशी बोलते, भांडतेही. जवळ कधी आली, कोणत्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. असं काही एका दिवसात झालं नाही. दंडावर तिच्या आता साखर सांगणारी चकती असते, तिचा अलार्म ती बंद करून टाकते, त्यावरून घर डोक्यावर घेतलं जातं.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं तिच्यासाठी बूट घ्यायला गेलो होतो. दुकानात गर्दी. तिने सकाळी नीट खाल्लं नव्हतं. दाजी म्हणाले, "खारू, बघ जरा आकडा." ती वळली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडात मारली, खणखणीत. मग शिव्या. मग दुसरी थोबाडीत. लोक थांबले. एक धट्टाकट्टा माणूस पुढे आला आणि मला म्हणाला, "बापावर हात टाकते? अशीला दोन लावल्या पाहिजेत." त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला.

मी दाजींकडे बघितलं. त्यांचा गाल लाल झाला होता, आणि ते त्या माणसाच्या अन् तिच्या मध्ये शिरले.

"तिला हात लावू नका," ते म्हणाले, आवाज न चढवता. "तिला बरं नाही. जरा जागा द्या."

त्यांनी खिशातला ज्यूसचा डबा काढला, नळी खुपसली आणि तिच्या ओठांपुढे धरला. तिने तो उडवला. त्यांनी दुसरा काढला. तिने त्यांच्या पोटरीवर लाथ मारली, ते जरा लंगडले, डबा तिथेच धरून राहिले. "एवढं पी," ते म्हणत होते. शेवटी ती प्यायली, त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत आवळून. मी तिच्यामागे उभा राहून लोकांना मागे सारत होतो. तो धट्टाकट्टा माणूस काय करावं न कळून बुटांच्या जोड्या बघायला लागला.

थोड्या वेळाने ती बाकावर बसली. चेहरा परत तिचा झाला. तिने दाजींच्या गालाकडे बघितलं.

"मी मारलं का?"

"हो," दाजी म्हणाले.

"खूप?"

"दोनदा. आणि एक लाथ. आता आकडा बघ."

तिने आकडा बघितला. अजून कमी होता. दाजींनी आणखी एक डबा फोडून दिला, आणि मला म्हणाले, "तू तोवर तिच्या मापाचे बूट बघून ठेव. ही उपाशी आहे, इथून थेट जेवायला जायचंय."